कोवळा कान

वाकोडे सरांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचे कान पिरगाळले आणि साठीनंतर त्यांचेच कान नापास झाले. तेही एकदा नाही, तीनदा.

पुंडलिक वाकोडे म्हणजे अकोल्यातल्या एका जुन्या शाळेचे मराठीचे शिक्षक. व्याकरण बरेच जण शिकवतात, पण सरांचं नाव होतं ते श्रुतलेखनासाठी. पानातला न आणि पाण्यातला ण, फुलातला ल आणि फळातला ळ यांची गल्लत झाली की ते पोराला बाकावर उभं करत. वऱ्हाडातली पोरं, घरी सगळे डोळ्याला डोया आणि केळ्याला केयं म्हणणारे. सर त्यांची जीभ टाळ्याकडे वळवून घेत, आरशात दाखवत, आणि महिन्याभरात पोरगं असा ळ काढी की पुण्याच्या माणसानं कान टवकारावेत. हे सगळं ते पोटतिडकीनं करत, कारण लहानपणी ते स्वतः डोया म्हणायचे आणि त्यावरून वसतिगृहात लोकांनी त्यांना पुरेसं हसून घेतलं होतं.

आता हेच सर इंग्रजीच्या श्रवण परीक्षेत नापास होत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

कारण साधं होतं. पत्नी, कुंदाताई, गेल्यापासून घर खायला उठत होतं. मुलगा ऋषिकेश न्यूझीलंडला, तो म्हणत होता या, कायमचे या. पण त्या देशानं नुकताच नवा नियम काढला होता. भाषांतर करणारी यंत्रं तोवर सगळ्यांच्या कानात आली होती आणि त्यामुळे एक भलतीच पंचाईत झाली होती. आगीचा भोंगा वाजून कुणी ‘बाहेर पडा’ ओरडलं तरी परदेशातून आलेली म्हातारी माणसं यंत्र काय म्हणतंय याची वाट बघत बसत. म्हणून कायमचं राहायला येणाऱ्यानं यंत्राशिवाय इंग्रजी ऐकून समजलं पाहिजे असं ठरलं. बोलता नाही आलं तरी चालेल, लिहिता नाही आलं तरी चालेल, कळलं पाहिजे.

आणि सरांना कळत नव्हतं. वाचायला दिलं तर ते इंग्रजी वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचत. पण कानात घातलं की सगळा लगदा. करू शकतो आणि करू शकत नाही यांतला फरक ती माणसं शेवटच्या अर्ध्या ट मध्ये ठेवतात आणि तो ट गिळून टाकतात. व चे त्यांच्याकडे दोन प्रकार, एक ओठांचा आणि एक दातांचा, सरांना दोन्ही एकच. ध्वनिफीत एकदाच वाजे. सर पहिल्या वाक्याचा विचार करत असताना चौथं वाक्य निघून गेलेलं असे.

परीक्षेचं एक वेळ सोडा. खरं दुखणं दर रविवारी सकाळी होतं. पडद्यावर पाच वर्षांची रेवा यायची, त्यांची नात, आणि भरभर काहीतरी बोलायची. कानात यंत्र घालून सरांनी पाहिलं होतं, पण मग रेवाच्या तोंडून कुणा निवेदकाची खणखणीत मराठी निघायची, तीही पोरीचे ओठ मिटल्यावर. त्यांनी ते काढून ठेवलं आणि ते नुसतं हसून ‘येस, येस’ म्हणू लागले. पोरगी दर वेळी शेवटी तेच काहीतरी विचारायची, सर येस म्हणायचे, ती खूश व्हायची. पुढच्या रविवारी मात्र सुरुवातीलाच फुरंगटून बसलेली असायची. का, ते कुणाला ठाऊक.

तिसऱ्यांदा नापास झाल्यावर ऋषिकेशनंच त्या केंद्राचं नाव सांगितलं. उपचाराचं नाव लांबलचक होतं, लोक त्याला ‘कोवळा कान’ म्हणत.

तिथल्या डॉक्टर अनुजा देशकर तरुण होत्या आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती. तान्ह्या बाळाला, त्या म्हणाल्या, जगातल्या सगळ्या भाषांतले आवाज वेगवेगळे ऐकू येतात, मग ते बाळ जपानचं असो की वऱ्हाडातलं. मग घरातली माणसं जे आवाज काढतात तेवढे भेद मेंदू राखतो आणि बाकीचे सोडून देतो. वर्ष पुरं व्हायच्या आत ही निवड उरकते. पुढं मेंदूतल्या पेशींभोवती एक बारीक जाळी घट्ट बसते आणि कान जून होतो. नाकात मारायचा एक फवारा ही जाळी दीड महिना सैल ठेवतो. त्या काळात कानाच्या पाळीच्या आत एक छोटा चिमटा लावायचा. इंग्रजीचे धडे ऐकताना तो नेमक्या आवाजाला तिथल्या नसेला हलका ठोका देतो, म्हणजे मेंदूला कळतं की हा भेद कामाचा आहे, ठेवायला हवा.

“पण सर, दार उघडं ठेवलं की नवं आत येतं तसं जुनं बाहेरही जातं,” डॉक्टर म्हणाल्या. “म्हणून या दीड महिन्यात रोज तासभर कुणाशी तरी मराठीत बोलायचं. आम्ही याला राखण म्हणतो.”

सरांनी विचारलं की रेडिओ चालेल का, जुनी भाषणं चालतील का. डॉक्टरांनी मान हलवली. इंग्रजीला चिमट्याचा आधार होता. मराठीलाही तो दिला तर मेंदू गोंधळतो, तेव्हा मराठी टिकायची ती माणसाच्याच जोरावर. बाळंसुद्धा पडद्याकडे बघून भाषा शिकत नाहीत. समोरचं माणूस माझ्याशी बोलतंय, मी काही म्हटलं की त्याचं बोलणं बदलतंय, एवढं कळलं तरच मेंदू त्याची दखल घेतो. फोन चालेल, पण पलीकडे जिवंत माणूस हवं. यंत्राच्या आवाजाला सैल झालेली जाळी अजिबात भाव देत नाही.

“घरी आहेत ना कुणी बोलायला?” त्यांनी विचारलं.

“आहेत की,” सर म्हणाले. “भरपूर आहेत.”

हे सांगताना त्यांना लाज वाटली. पण एकटा आहे म्हणून सांगायची त्याहून जास्त वाटली असती.

घरी येऊन त्यांनी माणसं शोधायला सुरुवात केली, आणि दीड लाख वस्तीच्या त्या भागात तासभर मराठी बोलणारं माणूस सापडेना. शेजारचे गृहस्थ दारात भेटले की ‘काय सर, बरं आहे ना’ म्हणत आणि उत्तराच्या आत लिफ्टमध्ये शिरत. दूध, भाजी, औषधं सगळं यंत्रं आणून ठेवत आणि जाताना गोड आवाजात नमस्कार करत. न्हाव्याकडे सर आठवड्यात दोनदा जाऊन आले. डोक्यावर काही उरलं नाही तेव्हा तेही थांबलं. वाचनालयात जुने सहकारी भेटत, पण तिथं बोलायला बंदी होती. बोलावलं असतं तर कुणी चहाला आलं असतं बहुधा. सर कुणाला कधी बोलावत नसत, कारण पूर्वी ते काम कुंदाताई करत.

शेवटी त्यांनी आक्काला फोन लावला.

पंचफुलाबाई, त्यांची थोरली बहीण, पिंपळखेडला एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दोन शेळ्या आणि पुढचं अंगण. आई लवकर गेली म्हणून तिनंच सरांना वाढवलं होतं. पण सर मोठे झाले, मास्तर झाले आणि तिच्या प्रत्येक वाक्यात अडखळू लागले. ती म्हणायची ‘पुंडलिक, डोये लाल दिसतेत’ आणि हे म्हणायचे, आक्का, डोये नाही, डोळे. तिला ते कधी जमलं नाही. हळूहळू ती त्यांच्यापुढं कमी बोलू लागली, आणि सरांचं जाणं दिवाळी-पोळ्यापुरतं राहिलं. तिचा तो पोया आणि यांचा पोळा.

“आज कसा काय फोन केला बाप्पा? तब्येत बरी हाये ना?” आक्कानं घाबरूनच विचारलं.

सरांनी परीक्षेचं सांगितलं आणि रोज संध्याकाळी तासभर बोलत जा म्हणाले. काय बोलू, असं तिनं विचारलं. काहीही बोल म्हणाले. पहिले दोन दिवस ती जपून, शब्द चाचपत बोलली. मग तिसऱ्या दिवशी शेळी कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली आणि आक्काची गाडी सुटली. कोण आजारी, कुणाची पोरगी पळाली, बँकेतल्या यंत्रानं तिचा अंगठा कसा ओळखला नाही. आभाय भरून येई, शायेतली पोट्टी सुटत, कायी शेयी दूध देईना. सरांनी एकदाही दुरुस्त केलं नाही. कंटाळा आला होता म्हणा, की गरज होती म्हणा. तास संपला तरी ती बोलत राही आणि तेही फोन ठेवत नसत.

दिवसभर इंग्रजी, चिमट्याचे ठोके, आणि संध्याकाळी आक्का. दीड महिना असा गेला.

शेवटच्या आठवड्यात एका रविवारी रेवा पडद्यावर आली, नेहमीसारखी भरभर बोलली, आणि शेवटी तिनं तोच प्रश्न विचारला. सरांना तो कळला. शब्द न् शब्द वेगळा होऊन कानात पडला. पोरगी विचारत होती, आबा, तुम्ही उद्या येणार का? दोन वर्षं ती दर रविवारी हेच विचारत होती आणि दोन वर्षं ते हसत हसत हो म्हणत होते. सोमवारी ती वाट बघत असणार.

मोडक्या इंग्रजीत सर म्हणाले, उद्या नाही बाळा, पण येईन. रेवा म्हणाली, बरं, मग मी उद्या खिडकीत बसणार नाही. फोन बंद झाल्यावर ते स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभे राहिले आणि रडले.

त्यानंतर चारच दिवसांनी शाळेतून निरोप आला. पाठांतर स्पर्धा होती, दरवर्षीप्रमाणे परीक्षक म्हणून यावं.

पहिली मुलगी उभी राहिली, बोलू लागली, आणि सरांना वाटलं हिच्या जिभेला काही झालंय. ती काल्या ढगांबद्दल बोलत होती, निल्या आभालाबद्दल. दुसरा मुलगाही तसाच. तिसराही. सगळ्यांच्या सगळ्या ळ चा ल झाला होता आणि शेजारचे परीक्षक कौतुकानं माना डोलावत होते. सरांनी कान चोळले. नवव्या की दहाव्या क्रमांकावर एक मुलगी आली, खेड्यातून नुकतीच शहरात आलेली. ती भीत भीत आभाय म्हणाली, काये ढग म्हणाली, आणि सभागृहात खसखस पिकली. सरांना मात्र हायसं वाटलं. इतक्या वेळात स्वच्छ उच्चार ऐकू आला तो हाच. त्यांनी तिला सर्वांत जास्त गुण दिले. बाकीच्यांना वाटलं, सर आता मवाळ झाले, वय झालं की माणूस होतो. एका शिक्षिकेनं तर त्यांच्या मोठ्या मनाबद्दल दोन शब्दही सांगितले.

घरी आल्यावर त्यांनी आरसा घेतला आणि स्वतः म्हणून पाहिलं. वेळ. वेल. जीभ सवयीनं दोन वेगळ्या जागी जात होती, डोळ्यांना ते दिसत होतं. कानाला एकच शब्द दोनदा ऐकू येत होता.

डॉक्टर देशकरांनी तपासणी केली आणि त्या गोंधळल्या. राखण झाली नसती तर आणखी बरंच गेलं असतं. त आणि ट, क आणि ख, इंग्रजाला न लागणारं सगळंच. पण सरांचं ते सगळं शाबूत होतं. गेलं होतं ते एवढंच, ळ आणि ण.

“सर, तुमच्याशी रोज कोण बोलत होतं?”

“माझी बहीण.”

“फक्त त्याच? घरात भरपूर माणसं आहेत म्हणाला होतात.”

सर चष्मा काढून पुसू लागले. डॉक्टरांना कळायचं ते कळलं. आक्काच्या बोलण्यात जेवढे भेद होते तेवढे त्यांच्या मेंदूनं इमानानं राखले होते. तिच्याकडे ळ नव्हता, ण नव्हता, मग मेंदूनं ते ठेवायचे कशासाठी? साठ वर्षांपूर्वी आक्कानं त्यांना जी भाषा दिली होती, तीच तिनं पुन्हा दिली होती, ना कमी ना जास्त. वसतिगृहात हसं करून घेत कमावलेलं सगळं मधल्या मधे वाहून गेलं होतं.

परत आणता येईल, डॉक्टर म्हणाल्या. पुन्हा फवारा, पुन्हा दीड महिना, या वेळी चिमटा मराठीला. पण मग इंग्रजी पुसट होईल. दोन्ही एकदम जमणार नाही, निदान या वयात नाही. आणि परीक्षा पुढच्याच महिन्यात होती.

सरांनी घरी जाऊन विचार केला असं म्हणायला हवं, पण खरं म्हणजे विचार करण्यासारखं त्यांना काही दिसेना. बोललेलं संदर्भानं कळतच होतं. वेलेवर या म्हटलं तर कुणी मांडवावरच्या वेलीवर चढत नाही. मराठी काही गेली नव्हती. झालं होतं एवढंच की बातम्या देणारी बाई, शेजारचे गृहस्थ, खुद्द ऋषिकेश, सगळे त्यांच्याशी कुण्या गोऱ्या माणसानं मेहनतीनं शिकलेली मराठी बोलत होते. कानाचं माहेर तुटावं तसं त्यांना झालं. मुलाला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. एकदा त्यांच्या तोंडून जेवायची वेय असं निघून गेलं तेव्हा तो हसून म्हणाला, बाबा, मला तर तुम्ही यासाठी उठाबशा काढायला लावल्या होत्या.

त्या महिन्यात आक्काचा फोन तेवढा खरा राहिला. संध्याकाळी तिचा आवाज आला की सरांच्या कानात सगळं जागच्या जागी बसे. ल तो ल, आणि जिथं ळ असायचा तिथं लख्ख य. वेल वेगळी, वेय वेगळी. जगात एकच माणूस त्यांच्याशी शुद्ध बोलत होतं, आणि ते माणूस म्हणजे आक्का होती. हे तिला सांगायचं त्यांनी बऱ्याचदा मनात आणलं. पण तिला जन्मभर चुका दाखवल्यावर हे कुठल्या तोंडानं सांगणार, म्हणून राहून गेलं.

परीक्षेत ते पास झाले, चांगल्या गुणांनी झाले. पुढचं सगळं झपाट्यानं झालं, आणि निघायच्या आधीच्या आठवड्यात ते पिंपळखेडला गेले. या वेळी सांगायचंच असं ठरवून गेले. आक्का, तू बोलतेस तेवढंच मला माझं वाटतं, तिकडं रोज फोन कर, असं.

आक्कानं अंगण सारवून ठेवलं होतं. नवं लुगडं नेसली होती. शेजारची सून, मंदा, पाणी घेऊन आली आणि का कोण जाणे दारातच उभी राहिली, तोंडाला पदर लावून. सर बाजेवर बसले. आक्का समोर बसली, घसा खाकरला, आणि सावकाश, एकेक शब्द मोजून द्यावा तशी बोलू लागली.

“पुंडलिक, तिकडे थंडी हाये म्हन्तेत. सकाली गरम पानी घेजो. जेवनाची वेल टालू नको. डोले सांभाल.”

आक्काला काय झालं, अर्धांगाचा झटका तर नाही ना, असं पहिल्यांदा सरांच्या मनात आलं. तिचा चेहरा तर आनंदानं फुलला होता. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, उत्तराची वाट बघत.

मंदाला राहवलं नाही. “सर, तीन महिन्यांपासून घोकून राह्यल्या त्या. माह्या पोरीच्या मांगं लागल्या, मले ळ शिकव म्हने. दिवसभर अंगनात बाळ, काळ, माळ चालू असते. तुमच्या फोनवर बोलाची हिंमत नोयती होत. म्हने, जायच्या दिवशी समोरासमोर म्हनून दाखवीन.”

“मंदा, चूप बस,” आक्का लाजून म्हणाली. मग पुन्हा सरांकडे वळली. “बरोबर हाये का रे? वेल. डोले. सांभाल.”

आता सरांनी कान सोडून डोळे लावले. आक्काची जीभ उचलली जात होती, टोक मागं वळत होतं, टाळ्याला वर जिथं टेकायला हवं तिथं नेमकं टेकून सुटत होतं. बोळक्या तोंडात ते सगळं स्वच्छ दिसत होतं. इतका नेटका ळ त्यांच्या वर्गात फार थोड्या पोरांनी काढला होता. त्यांना तो ऐकू येत नव्हता.

पहिल्यासारखं बोल, एवढं म्हणायचा अवकाश होता. ते त्यांच्या ओठांवर आलंही होतं. पण आक्का सत्तरीची होती, आणि ज्यानं तिला कधी बरोबर म्हटलं नव्हतं अशा भावासमोर पोरीसारखी मांडीवर हात ठेवून बसली होती.

“बरोबर आहे, आक्का,” सर म्हणाले. “अगदी बरोबर. पैकीच्या पैकी.”

आक्कानं पदर डोळ्यांना लावला. मंदा हसत हसत घराकडे गेली. मग आक्का म्हणाली की आता सोडणार नाही, रोज फोनवर असंच बोलत जाईन, तिकडे तुझ्या सुनेसमोर तुला मान खाली घालावी लागायची नाही. आणि ती शेळीचं सांगू लागली, आभालाचं, शालेतल्या पोरांचं. एकही ळ चुकू देत नव्हती. सर मान डोलावत होते, मधूनमधून ‘बरोबर’ म्हणत होते. अर्थ सगळा लागत होता. समोर आक्काच बसली होती, आणि परमुलखातली कुणी भली बाई आपल्याशी आपल्या भाषेत बोलायची खटपट करतेय असं त्यांना ऐकू येत होतं.